पोट भरलं, पण निरोप पोचला का?



कैरीच्या लोणच्याची कृती या खेपेला देते, असं मी मागे कबूल केलं होतं. ती पुढच्या अंकात नक्की देईन. रागावू नका. आज मात्र दुसरंच काही सांगायचं आहे. आमच्या घरी यंदाच्या आखाजीला एक छोटासा प्रसंग घडला आणि तो काही केल्या माझ्या मनातून जाईना.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमचं मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं असलं तरी सणवाराने बरंचसं खानदेशी. आखाजी हा इकडे लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी यायच्या, झोके बांधायचे, घागर पुजायची आणि पुरणपोळी, आमरस, कुरडया असा भरगच्च बेत करायचा. आमच्या वन्सं नाशिकहून आल्या होत्या. धाकट्या जाऊबाईंना सातवा महिना चालू होता. दुसरी खेप असल्यामुळे बाळंतपण इथेच करायचं ठरलं होतं.

दीडच्या सुमाराला जेवणं आटोपली. चार वाजता चहाचं आधण ठेवायला मी आत गेले, तर जाऊ दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी. एका हातात डब्यातली कालची पोळी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. माझी चाहूल लागताच तिने पोळी पदराआड केली. आणि मी काय बोलावं? "अगं, आत्ताच तर जेवलीस ना!" हसतच बोलले, पण बोलले. तिने पोळी मुकाट्याने डब्यात ठेवली. बाहेरून सासूबाईंनी ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, "सातव्यात बेतानं खावं. बाळ थोराड झालं की बाळंतपण जड जातं. पहिल्या खेपेला कशी सुटलीस पटकन!" पहिल्या खेपेचा मुलगा जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचा होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या हिशेबाने तो गुणच होता.

त्याच संध्याकाळी वन्सं झोपाळ्यावर बसून सांगत होत्या की त्यांच्याकडे म्हणे आता भूकच लागू नये असं इंजेक्शन मिळतं. त्यांच्या ओळखीच्या एकीने घेतलं नि ती ओळखू येईनाशी झाली. "मीही घेणार. माझ्या खाण्याला आयुष्यभर सगळ्यांनी नावं ठेवली. तुम्हाला वाटतं मला जिभेवर ताबा नाही. अगं, मला खरंच भूक लागते!" हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. एरवी वन्सं रडणाऱ्यांतल्या नव्हेत.

एकाच घरात, एकाच दिवशी, दोन बायकांची भूक चोरीला लागल्यासारखी पकडली गेली. एक पोटुशी, एक अंगाने भरलेली. आणि दोघींनाही सांगणं एकच, की भूक आवर.

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. शास्त्राशी माझा संबंध दहावीबरोबर संपला. पण ज्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते तिथल्या विज्ञानाच्या बाई मोठ्या हौशी आहेत. निकालपत्रकं लिहायला जमलो होतो तेव्हा मी त्यांना विचारलं, की भूक ही लागते की आपण लावून घेतो? त्यांनी दोन दिवस माझी शिकवणीच घेतली म्हणा ना! त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. त्यातलं मला जेवढं उमजलं ते तुम्हाला सांगते.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण ती ठरते मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला भाग आहे. शरीराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून त्याच्याकडे रक्तामार्फत निरोप येतात. हे निरोप नेणारे पदार्थ म्हणजे हॉर्मोन, पुस्तकी मराठीत संप्रेरकं. "आता खा", "आता पुरे", "कोठीत धान्य आहे", "कोठी रिकामी होत चालली" असे नाना निरोप. त्यावरून तो भाग ठरवतो, हिला खायला उठवायचं की नाही.

त्यातला "आता खा" हा निरोप जठरातून निघतो. त्याचं नाव घ्रेलिन. १९९९ साली जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. जेवणाची नेहमीची वेळ जवळ आली की रक्तातलं घ्रेलिन चढतं नि जेवलं की उतरतं. रोज एक वाजता जेवणारीच्या पोटात बरोबर एकला कावळे ओरडतात ते यामुळे. गंमत म्हणजे ती वेळ टळली, की न खाताही भूक थोडी मवाळ होते. चतुर्थी-एकादशी करणाऱ्या बायकांना हे पुस्तकात वाचायची गरज नाही. (एकादशी नि दुप्पट खाशी, त्यांचं सोडा!) आमच्या शेजारच्या भाभी, त्यांचे चार यंत्रमाग आहेत, रमजानचे सगळे रोजे धरतात. त्या सांगतात, पहिले दोन-चार दिवस दुपारच्या जेवणाच्या वेळी जीव कासावीस होतो, मग पोटाला नवी वेळ कळते.

पण मला आज सांगायचं आहे ते दुसऱ्या निरोपाबद्दल. कोठीत किती शिल्लक आहे हे सांगणाऱ्या. त्याचं नाव लेप्टिन. ग्रीक भाषेत 'लेप्टॉस' म्हणजे सडपातळ, त्यावरून हे नाव पडलं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली उंदरांच्या पिंजऱ्यात एक विलक्षण लठ्ठ उंदीर सापडला. दिवसरात्र खायचा. भावंडांच्या तिपटीने वाढला. पुढे त्याच संस्थेतल्या डग्लस कोलमन यांनी एक प्रयोग केला, ऐकायला जरा क्रूर वाटेल. लठ्ठ उंदीर नि साधा उंदीर यांची शरीरं अशी जोडली की एकाचं रक्त दुसऱ्यात खेळावं. झालं काय, की लठ्ठ उंदराचं खाणं आपोआप कमी झालं नि तो रोडावला. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात "पुरे" सांगणारं काहीतरी होतं आणि लठ्ठ उंदराच्या रक्तात ते मुळी नव्हतंच. ते 'काहीतरी' काय हे हुडकायला पुढे वीसेक वर्षं लागली. १९९४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांनी त्याचा पत्ता लावला. आणि ते निघतं कुठून? तर चरबीतून! जिला आपण नुसतं अंगावरचं ओझं समजतो ती चरबीच मेंदूला चिठ्ठ्या पाठवत असते. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, चरबी घटली की लेप्टिन घटतं. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांच्या रक्तात ते जास्त असतं.

हे उंदरांचं झालं. माणसांत असं असतं का? १९९७ साली इंग्लंडमधून उत्तर आलं. केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी या डॉक्टरांकडे एका मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं आली होती. मुलगी आठ वर्षांची नि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा नि वजन २९ किलो. जन्मली तेव्हा दोघं चारचौघांसारखीच होती. पण भूक शमेच ना. कितीही खा, पुन्हा भूक. त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. अंगावर एवढी चरबी, पण मेंदूला निरोप जायचा, कोठी रिकामी! मेंदू बिचारा त्यांना सतत उपाशी समजत होता.

मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर तिला रोज लेप्टिनचं इंजेक्शन देऊ लागले. वर्षभरात तिचं वजन १६ किलोंनी उतरलं. पण वजनापेक्षा मला भिडली ती दुसरी गोष्ट, की ती मुलगी इतर मुलांसारखी ताटावरून उठू लागली. कुणी तिला शिस्त लावली नव्हती, धाक घातला नव्हता. फक्त निरोप पोचला होता. हे वाचलं नि मी पुस्तक मिटून बसले. वर्गात डब्याच्या वेळी दुसऱ्यांच्या डब्यात डोकावणाऱ्या एका मुलीला मी 'हावरट' म्हटलं होतं, ते आठवलं. तिला तसा आजार असेल असं मुळीच नाही, तो अतिशय दुर्मीळ आहे. पण मी तिच्या भुकेला स्वभाव समजले, हे खरं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्या लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचा नि मोकळे व्हा! जगातल्या औषध कंपन्यांनाही तेच वाटलं होतं. एका अमेरिकन कंपनीने तर १९९५ साली या शोधाच्या हक्कापोटी दोन कोटी डॉलर मोजले. आणि मग रक्त तपासल्यावर दिसलं की बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नाहीच, उलट भरपूर आहे. मेंदूच ते ऐकेनासा झाला आहे. दारात पोस्टमन रोज ओरडतोय आणि घरातल्याच्या कानाला सवय झाली आहे, तसं. अशा माणसांना आणखी लेप्टिन देऊन फारसं साधलं नाही.

पण औषध वायाही गेलं नाही. काही जणांच्या अंगात जन्मतः किंवा पुढे चरबी साठवणाऱ्या पेशीच उरत नाहीत. दिसायला ती माणसं अगदी कडकडीत, शिरा वर आलेल्या, पण चरबी नाही म्हणून लेप्टिन नाही, म्हणून भूक भयंकर, आणि साठायला जागा नसलेलं तूप यकृतात जाऊन बसतं, साखर वाढते. त्यांच्यासाठी २०१४ साली अमेरिकेत लेप्टिनचं इंजेक्शन मंजूर झालं. आणखी एक उपयोग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. अति उपासाने किंवा अति व्यायामाने अंगातली चरबी फार उतरली, की काही मुलींची पाळी थांबते. मेंदूला लेप्टिनचा निरोप मिळत नाही, तो समजतो दुष्काळ पडला आहे, आता मूल होऊ देण्यात अर्थ नाही. अशा थोड्या स्त्रियांना लेप्टिन देऊन पाहिलं तेव्हा काहींचं पाळीचं चक्र पुन्हा सुरू झालं. अर्थात वयात आलेल्या मुलीची पाळी डाएटपायी थांबली तर इंजेक्शन शोधत बसायचं नाही, तिला पोटभर खाऊ घालायचं नि डॉक्टरांकडे न्यायचं.

वन्संना मी हे फोनवर सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, "मग माझं दरवर्षी जानेवारीत उतरलेलं वजन गणपतीपर्यंत परत का चढतं?" त्याचंही उत्तर इथेच आहे. आपण एकदम खाणं तोडलं, की चरबी कमी होण्याच्या आधीच लेप्टिन झपाट्याने उतरतं. मेंदू घाबरतो. भूक वाढवतो नि शरीराचा खर्च कमी करतो. घरात टंचाई आली की आपण नाही का, दिवे मालवतो, गॅस बारीक करतो? वन्संचं मन कच्चं नव्हतं. त्यांचं शरीर संसारी बाईसारखं वागत होतं.

आता जरा घराजवळ येऊ. लेप्टिनची सगळ्यात आपली गोष्ट घडली पुण्यात.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे तज्ज्ञ. त्यांच्यापुढे कोडं असं होतं, की इंग्रजी पुस्तकं सांगतात मधुमेह जाड नि वयस्क माणसांना होतो, आणि इथे तर तरुण, किडकिडीत माणसं साखर घेऊन येतात. हे कसं? १९९३ साली त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, विहिरीचं पाणी वाहणाऱ्या बाया. गरोदर राहण्याआधी सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्या काय खातात, किती काम करतात, बाळ केवढं होतं, सगळं मोजलं.

बाळं भरली सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. म्हणजे आपली बाळं बारीक, एवढं तर कुणीही सांगेल. पण डॉक्टरांनी बाळांच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजली, आणि तिथली चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकी निघाली! कमी होते ते दंड, पोटाचा घेर, म्हणजे स्नायू नि आतले अवयव. मग पुण्यातल्या नि लंडनमधल्या बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं, तो अभ्यास २००२ साली छापून आला. नाळेच्या रक्तातलं लेप्टिन ही बाळाच्या चरबीची पावतीच असते. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर पुण्याच्या बाळांत लेप्टिनही जास्त नि इन्शुलिनही जास्त. दिसायला सुकलेलं, आतून मेदाळ. याज्ञिकांनी त्याला 'बारीक-लठ्ठ' भारतीय बाळ म्हटलं. हेच बाळ मोठं होऊन शहरात बसकं काम करू लागलं, की साखरेच्या वाटेला लागण्याचा धोका जास्त.

त्यांनी एक मजेदार फोटोही छापला होता, २००४ साली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात. स्वतः याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, तो आकडा दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के नि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा "आमच्याकडे सगळे शिडशिडीत आहेत हो" म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एकदा मोजपट्टी घ्यावी. बेंबीच्या पातळीवर सैल न सोडता नि आवळता मोजावं. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०च्या. काट्यापेक्षा ही पट्टी जास्त खरं सांगते. माझी स्वतःची ८३ भरली. काय करता!

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पदराआडची ती पोळी होती. सासूबाई म्हणतात तसं आईने हात आखडता घेतला, की बाळ 'बेताचं' होतं खरं, पण बेताचं म्हणजे काय कमी होतं? चरबी फारशी कमी होत नाही. मागे राहतात ते स्नायू नि अवयव. बाळंतपण पटकन झाल्याचं समाधान एका दिवसाचं, आणि बाळाला मात्र ते शरीर जन्मभर वापरायचं असतं.

आणि जाऊबाईंची चार वाजताची भूक? तीही खोटी नव्हती. गरोदरपणात बाळाची वारदेखील लेप्टिन तयार करते, त्यामुळे आईच्या रक्तात ते खूप वाढतं. नियमाप्रमाणे तिची भूक मरायला हवी. पण मरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की गाभण असताना मेंदू त्या निरोपाकडे चक्क काणाडोळा करतो. लठ्ठपणात जो कानाचा दोष, तोच इथे निसर्गाने मुद्दाम योजला आहे, बाईने दोन जिवांसाठी खावं म्हणून. आपण मात्र तिथेच तिला दटावतो.

मी जाऊला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. सातव्या महिन्यापर्यंत तिचं वजन अवघं चार किलो वाढलं होतं. त्या म्हणाल्या, साधारण बांध्याच्या बाईचं नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढायला हवं. सासूबाईंच्या भीतीत थोडं तथ्य आहे, तेही त्यांनी सांगितलं, की आईच्या रक्तात साखर वाढली तर बाळ खरोखरच अवाजवी मोठं होतं. पण त्यावर उपाय उपासमार नव्हे, तपासणी. साखरेचं पाणी पिऊन दोन तासांनी करायची ती रक्ताची चाचणी पहिल्या भेटीत नि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमाराला करून घ्यावी. जाऊची दोन्ही वेळा चांगली आली होती.

पुण्याच्या त्या अभ्यासातलं आणखी एक आपल्या कामाचं. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, दूध नि फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं वजनाने चांगली भरली. आणि ज्यांना गरोदरपणी जड कामं जास्त पडत, त्यांची बाळं लहान. यात महागडं काही नाही. मेथी, तांदुळजा, शेपू आमच्या बाजारात रोज येतात. चार वाजताच्या खाण्याला मी आता हे ठरवून ठेवलं आहे: एक दिवस मेथीचे थालीपीठ नि दही, एक दिवस शेंगदाण्याचा लाडू नि दूध, एक दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ, कधी नुसतीच पोळी-गूळ-तूप. चहा मात्र खाण्याबरोबर नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पाण्याचे हंडे आता दीर भरतात. त्यासाठी त्यांना काही शास्त्र समजावावं लागलं नाही, नुसतं सांगावं लागलं.

आता वन्संचं इंजेक्शन. ते लेप्टिनचं नव्हे बरं का. पुष्कळजणी घोटाळा करतात. ते तिसऱ्याच निरोपाचं. जेवण आतड्यात उतरलं, की तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक निघतं. ते इन्शुलिनला मदत करतं, जठर हळू रिकामं करतं आणि मेंदूला सांगतं, बस. शरीरातलं हे संप्रेरक दोन-चार मिनिटांत नाहीसं होतं, म्हणून त्याचं औषध करणं जमेना. वाट सापडली ती एका प्राण्याच्या विषात! अमेरिकेच्या वाळवंटात आपल्या घोरपडीच्या जातीतला, पण विषारी, गिला मॉन्स्टर नावाचा प्राणी असतो. त्याच्या विषात असाच पण जास्त काळ टिकणारा पदार्थ जॉन एंग या डॉक्टरांना १९९२ साली मिळाला. त्यावरून मधुमेहाचं पहिलं औषध २००५ साली आलं. पुढे आठवड्यातून एकदाच टोचायची सेमाग्लुटाइडसारखी औषधं निघाली. वजनासाठी ती भारतात २०२५ साली आली.

गुण येतो, यात शंका नाही. २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरलं. ज्यांना साखर आहे, सांधे गेले आहेत, हृदयाचा धोका आहे, त्यांना ते वरदान ठरू शकतं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत चढलं, हेही त्याच मंडळींनी मोजलं. निरोप थांबला की भूक परत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांना होतात. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि आपण तर जन्मतःच स्नायूंनी कमी, हे आताच पाहिलं. म्हणून ते घेणारीने डाळ, अंडी, दूध, पनीर असं प्रथिनांचं खाणं नि थोडा तरी वजन उचलण्याचा व्यायाम सोडता कामा नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. आणि ओळखीच्या दुकानातून, ओळखीच्या बाईच्या सांगण्यावरून तर मुळीच घेऊ नये.

हे सगळं मी वन्संना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं त्या बेत सोडतील. तसं झालं नाही. त्या डॉक्टरांकडे गेल्या, रक्त तपासलं, साखर नुकती उंबरठ्यावर निघाली. तीन महिने खाणं-चालणं सांभाळून पाहू, नाहीच जमलं तर औषध सुरू करू, असं डॉक्टरांनी ठरवलं आहे. वन्सं म्हणाल्या, "घ्यावं लागलं तर घेईन गं, चष्मा घेतेच की. पण पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं की तुमची भूक खरी आहे." मला जरा खजील व्हायला झालं. हे म्हणायला डॉक्टर लागावा!

सासूबाईंना मी नाळेचं रक्त नि लेप्टिन काही सांगायला गेले नाही. एवढंच म्हटलं, की पुण्याच्या डॉक्टरांनी खेड्यातल्या बायका तपासल्या नि पालेभाजी खाणाऱ्यांची बाळं चांगली निघाली. त्या काही बोलल्या नाहीत. परवा मला शाळेतून यायला उशीर झाला. चार वाजून गेलेले. घरी येऊन पाहते तर जाऊ पंख्याखाली बसून थालीपीठ खात होती आणि सासूबाई तव्यावर दुसरं थापत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "दोनच हं. जास्त नाही." तिसऱ्याचं पीठ परातीत तसंच मळून ठेवलेलं होतं.